बदामाच्या झाडावर द्राक्षाची जाळी

दुपारचे दोन वाजले की माझा जीव अर्धा होतो. तुम्ही म्हणाल, भरदुपारी कसली भीती? इंदिरानगरसारखी भरवस्ती, पुढे रस्ता, मागे बंगले, कोपऱ्यावर किराणा दुकान, दर अर्ध्या तासाला कुणीतरी भाजी नाहीतर भंगार ओरडत जातो. पण भीती काय वस्ती बघून येते होय? माझी भीती आमच्या परसात, बदामाच्या झाडाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असते. आमचे हे.

ह्यांनी पस्तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काम केलं आणि कान तिथेच ठेवून घरी आले. सुरुवातीला आम्ही हसायचो. मी विचारायची, "भाजी कुठली आणू?" आणि हे म्हणायचे, "हो." मुलगा पुण्याहून फोन करायचा, हे मोठ्या आवाजात सगळ्याला "बरं बरं" म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. हसण्यावारी चाललं होतं सगळं.

मग एके दिवशी सकाळी हे दूध आणायला निघाले. मी फाटकात उभी होते. मागून एक टेम्पो हॉर्न देत आला. हे रस्त्याच्या मधोमध, पिशवी हलवत, निवांत. मी "अहो!" म्हणून ओरडले. टेम्पोवाला ओरडला. शेवटी त्याने ब्रेक असा दाबला की मागच्या क्रेट रस्त्यावर आल्या. आणि हे? ह्यांना काही पत्ताच नाही. तसेच चालत पुढे गेले, दूध घेतलं, परत आले आणि मला विचारतात, "अशी काय उभीयेस?" त्या दिवसापासून मी जो धसका घेतला तो घेतलाच. मी हाक मारीन आणि हे वळणार नाहीत, बस, एवढीच माझी भीती. बाकी मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

कानाच्या मशीनसाठी मी दोन वर्षं ह्यांच्या मागे लागले. "मी काय म्हातारा झालोय का?" हे पालुपद. शेवटी मी जेवण वाढताना तोंडातून शब्द काढायचा बंद केला, तेव्हा कुठे तयार झाले. मशीन बसवून घरी आलो. हे स्वयंपाकघरात उभे राहून माझ्या बांगड्या ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, तू एवढं बडबडतेस? मला वाटायचं, तू शांत झालीस." मला हसू की रडू कळेना. पहिल्यांदा चार रात्री नीट झोपले मी.

आणि मग मध्ये आल्या खारी.

आमच्या परसात देशी बदाम आहे, ह्यांनीच लावलेला. मोठमोठी पानं, लालसर-पिवळी फळं, आत कवच, आणि कवच फोडलं की वातीएवढा गर. एवढ्याशा गरासाठी कोण खटपट करणार? आमचे हे. दुपारी झाडाखाली बसायचं, पडलेले बदाम गोळा करायचे, दगडावर दगडाने फोडायचे आणि गर स्टीलच्या वाटीत जमवायचा. चार वाजता चहाबरोबर ती वाटी माझ्यापुढे सरकवायची. स्वतः एकही खायचे नाहीत. बोलून दाखवणं ह्यांच्या स्वभावात नाही, तेव्हा जे काय आहे ते त्या वाटीत, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

खारींना हे कुठे ठाऊक? त्या वरच्या वर फळं अर्धी कुरतडून खाली टाकायच्या. ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण त्यांचा आवाज! चिर्रर्र-चिक्-चिक्-चिक्, एकदा सुरू झाल्या की अर्धा अर्धा तास. साध्या कानाला तो नुसता किरकिरा लागतो. मशीनमधून म्हणे तो सुईसारखा आत जातो. हे दोन्ही हातांनी कान धरायचे. चार-पाच दिवसांत ह्यांनी शोध लावला की मशीन काढून ठेवली की खारी आपोआप गप्प होतात. झालं! दोन वाजले की मशीन फ्रीजवर, आणि हे परसात. म्हणजे दोन ते चार मी पुन्हा तिथेच, टेम्पो येताना बघत, फाटकात.

"खारी घालवा," मी म्हटलं.

"कशा?"

"ते मी बघते."

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, उंदराचं औषध कणकेत मळून ठेवा, दोन दिवसांत साफ. मी म्हटलं, "अहो, रामाच्या नाशकात राहून खारीला विष घालू? पंचवटीत कुठल्या तोंडाने जाऊ मी?" त्यांना राग आला, येऊ दे. मला खारी मारायच्या नव्हत्या. दुसऱ्यांच्या झाडावर जा म्हणावं, एवढंच.

आधी जुन्या सीडी दोऱ्याने टांगल्या. दोन दिवस खारी बिचकल्या, तिसऱ्या दिवशी सीडीच्या दोऱ्यावरच लोंबकळायला लागल्या. मग तिखट पाण्यात कालवून बुंध्याला फासलं. हे नेहमीप्रमाणे बुंध्याला हात टेकून उभे राहिले, तोच हात डोळ्याला लावला आणि अर्धा दिवस नळाखाली बसले. त्या दिवशी मी जे ऐकून घेतलं ते बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं. मग ह्यांनी स्वतःच बुंध्याला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा बांधला, पत्र्यातला माणूस शेवटी. छानच बसला पट्टा. खारी बुंध्यावरून यायच्या बंद झाल्या आणि केबलच्या वायरवरून यायला लागल्या.

दसरा होऊन गेला होता. मी माहेरी गेले होते, दिंडोरीकडे आमच्या भावाची द्राक्षबाग आहे. शेडमध्ये पक्ष्यांसाठीच्या जाळीचा भारा पडला होता. मणी फुगायला लागले की ही नायलॉनची जाळी बागेवर घालतात, तोवर ती रिकामीच. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाऊ म्हणाला, "ने की आक्का, इचारती काय!" वहिनी मात्र गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, कापू नका हां जाळी. पुढल्या महिन्यात आम्हाला लागंल." मी म्हटलं, "वेडी की काय, तुझी जाळी कापीन मी?"

तिथेच माझं चुकलं. जाळी बागेच्या मापाची, आमचं झाड केवढंसं! दोन माणसं लावून झाड झाकलं तरी निम्मी जाळी उरली. दुसरं कुणी असतं तर कात्रीने कापून मोकळं झालं असतं. पण माहेरची वस्तू, वहिनीला शब्द दिलेला, मी ती उरलेली जाळी बुंध्याशी घड्या घालून रचून ठेवली. वर बदामाची वाळकी पानं पडत राहिली. दोन दिवसांत ढीग पानांनी झाकून गेला.

खारी जाळीबाहेर भिंतीवर बसून बघत राहिल्या. मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू! मी ह्यांना म्हटलं, "आता घाला बघू मशीन दुपारची." हे म्हणाले, "चार दिवस जाऊ दे, खात्री होऊ दे." मी म्हटलं, ठीक आहे, चार दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून खारींनी आकांत मांडला. तीन का चार होत्या. भिंतीवर, वायरीवर, गॅलरीच्या कठड्यावर, शेपट्या झटकत, डोकी खाली करून, एकसारखं चिक्-चिक्-चिक्. ह्यांनी सकाळीच मशीन काढली. मला वाटलं, जाळीवर चिडल्यात. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बोंबला, म्हटलं, बोंबला किती बोंबलायचं ते! मी परसदारी जाऊन लाटण्याने थाळी वाजवली. खारी घराच्या दुसऱ्या बाजूला पळाल्या आणि पाच मिनिटांत परत त्याच जागी येऊन ओरडायला लागल्या. दिवसभर हेच. संध्याकाळी माझा हात दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. दिवाळी तोंडावर आलेली, मी वरच्या मागच्या गॅलरीत घरातले सगळे पडदे धुवायला काढले होते. दोन वाजून गेले होते. हे खाली खुर्चीत. खारींचा आवाज एवढा टिपेला गेला की मी कठड्यावरून वाकून ओरडले, "गप्प बसा गं, मेल्यांनो!"

आणि वाकले म्हणून दिसलं.

हे खुर्चीतून उठून जाळीच्या ढिगाशी उकिडवे बसले होते. एक पिकलेला बदाम जाळीच्या घडीत अडकला होता, तो काढायला हात पुढे. हातापासून वीतभर अंतरावर वाळकी पानं हलली. पानांतून काहीतरी वर आलं, तपकिरी, हळूहळू, आणि पसरलं. फणा होता. नाग फुत्कारत होता, मला वर गॅलरीत ऐकू येत होतं. ह्यांची नजर बदामावर.

"अहो!"

मी किती वेळा ओरडले मला माहीत नाही. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. समोरच्या बंगल्यात कुणीतरी दार उघडलं. सगळ्या गल्लीने ऐकलं. हे एकटे सोडून. ह्यांचं बोट जाळीच्या भोकात गेलं, बदाम निसटला, ह्यांनी पुन्हा बोट घातलं.

खाली जायला सतरा पायऱ्या. माझे गुडघे मला माहीत आहेत. मी पोचेपर्यंत काय राहिलं असतं?

पायाशी बादली होती, पडद्यांचं काळं पाणी भरलेली. मी ती कठड्यावर कशी चढवली कोण जाणे, एरवी मला अर्धी उचलत नाही. चढवली आणि मनात आलं, हे दचकून पुढे तोंडावर पडले तर? देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. मी बादली उलटी केली.

पाणी सगळं ह्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर. हे ताडकन उभे राहिले, मागे वळले आणि वर बघून गरजले, "डोकं फिरलंय का तुझं?" आयुष्यात ह्यांची शिवी मला एवढी गोड लागली नव्हती. बोलून उपयोग काय होता? मी हात वर केला, मनगट वाकवलं आणि पंजाचा फणा करून दाखवला. हे बघत राहिले. मग मान वळवून खाली बघितलं. मग एक एक पाऊल मागे सरकत धुण्याच्या दगडापर्यंत गेले आणि त्याच्यावर बसले.

मी खाली कशी पोचले मला आठवत नाही. ह्यांचा हात धरून उलटासुलटा तपासला, बोटं, मनगट, पाय, सगळं. ओरखडासुद्धा नव्हता. हे गार पाण्याने निथळत होते. मी पळत जाऊन फ्रीजवरची मशीन आणली, ओल्या कानात घालू की नको कळेना, शेवटी नुसती ह्यांच्या मुठीत दिली. ह्यांनी माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "आवाज करत होता का गं तो?"

मी मान हलवली.

"तुला वर ऐकू आला?"

मी पुन्हा मान हलवली. हे हातातल्या मशीनकडे बघत बसले. "मला काहीच आलं नाही," म्हणाले. मग मी रडले, अगदी मोठ्याने, शेजारच्या वहिनींच्या देखत.

वहिनींनीच सर्पमित्राला फोन केला. रिक्षा चालवणारा पन्नाशीचा माणूस होता, सीटखालून आकडी आणि कापडी पिशवी काढून आला. आम्हाला दूर उभं करून त्याने आकडीने पानं बाजूला केली. नाग कमरेत जाळीत अडकला होता. निम्मा बाहेर, निम्मा आत, सुटायला धडपडल्यामुळे नायलॉन खवल्यांत रुतलं होतं. "काल सकाळपासून तरी आडकलाय हा," तो म्हणाला. "जाळी कापावी लागंल, काकू."

"कापा," मी म्हटलं. "सगळी कापा."

तो चिमट्याने धरून एक एक दोरा तोडत होता. काम करता करता सहज विचारतो, "का हो काकू, खारी वरडत नव्हत्या का? खारी आशा एका जागी वरडायला लागल्या ना, का आम्ही पयले खाली बघतो."

हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! माहेरी बांधावर बाभूळ होती. तिच्यावर खारी ओरडायला लागल्या की आई आम्हा पोरांना हाताला धरून मागे ओढायची, तिकडे पाऊल टाकू द्यायची नाही. मांजर असेल नाहीतर साप-जनावर असेल, हे आम्हाला अक्षरं यायच्या आधी कळत होतं. आणि मी दोन दिवस थाळी बडवत होते. ज्या घसा फोडून सांगत होत्या त्यांनाच मी गप्प करत होते, आणि वर मला आनंद झाला होता.

नागाला पिशवीत घालून त्याने नेलं. जखमेला औषध लावून, वनखात्याला कळवून सोडतो म्हणाला. निघण्याआधी मी त्याला चहा पाजला.

दोन दिवसांनी भाऊ आला. तुकडे झालेल्या जाळीची गाठोडी मी त्याच्यापुढे ठेवली आणि खाली मान घालून उभी राहिले. तो म्हणाला, "जाळीचं काय घेऊन बसली आक्का! आमच्याबी बागेत साप आडकत्यात. म्हणून तर आम्ही जाळी भुईला टेकू देत नाय. तुला ठावं आसंल, आसं वाटलं मला." मग झाडाखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "आगं, घडांना कागद बांधतो तसं बांध की." तेच केलं. जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवल्या, हाताला लागतात तेवढ्या घोसांना बांधल्या. काही पिशव्या खारी कुरतडतात, काही सोडतात. वरचे सगळे बदाम त्यांचे. खाली पडलेली पानं मी दोन वेळा झाडते, बुंध्याशी जमीन उघडी दिसली पाहिजे म्हणजे पाहिजे.

थाळीची गोष्ट मात्र मी ह्यांना आठ दिवस सांगितली नाही. रोज ओठांवर यायची आणि मी गिळायची. ह्यांनी माझ्या भरवशावर मशीन काढली होती, आणि भरवशाची बाई लाटणं घेऊन उभी. शेवटी एका चहाला सांगून टाकलं. त्या खारी तुम्हाला सांगत होत्या, म्हटलं, आणि मी त्यांना हाकलत होते. ह्यांनी गराची वाटी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "तू हाकलत होतीस, मी मशीन काढून ठेवली होती. दोघांनी मिळून केलं."

दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून म्हणाले, मशीनवाल्या बाईंकडे जाऊ. बाईंनी कॉम्प्युटरला वायर जोडली, ह्यांची तक्रार ऐकली आणि हसून म्हणाल्या, "एवढंच ना? काका, हे बारीक आवाज मी कमी करून देते. दहा मिनिटांचं काम आहे. खारी, चिमण्या, काही टोचणार नाही." मला तिथल्या तिथे डोकं आपटावंसं वाटलं. दहा मिनिटांचं काम! आणि मी एवढे दिवस सीडी, तिखट, पत्रा, जाळी करत नाग घरात आणला. आम्ही दोघांनी एकदा येऊन विचारलं असतं तर?

पण हे म्हणाले, "नको. राहू द्या."

"अहो काका, त्रास होतो ना?"

"होऊ दे," हे म्हणाले.

आता हे दुपारी मशीन घालून बसतात. खारी सुरू झाल्या की ह्यांचा चेहरा आंबट होतो, खांदे वर जातात, पण हात कानाकडे जात नाही. मी वर गॅलरीत असते, काही ना काही काम काढून. परवा अशाच ओरडायला लागल्या. मी कठड्याला धरून खाली बघितलं. हे उठले होते. काठी घेऊन बुंध्याभोवती फिरले, भिंतीच्या कडेने गेले, मग माझ्याकडे वर बघून हात केला आणि ओरडले, "ऐकलं मी! मांजर आहे!"

मी मान हलवली. कठड्याखाली बादली असते, तिच्याकडे एकदा बघून घेतलं. ती मी रोज दोनच्या आधी काठोकाठ भरून ठेवते.